दोन दिवस, चार किल्ले

सुवर्णदुर्गाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. ‘‘हर्णेला जायचे म्हणतोय. शनिवार-रविवार हाताशी आहे, त्यात काय काय होईल?’’ इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असे प्रश्न आवडतात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. मग तो खिशातून कागद काढतो. कागदावर मुरुडचा किनारा असतो, कर्देचा किनारा असतो, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचा केशवराज, पन्हाळेकाजीची लेणी, हर्णेचा मासळीबाजार आणि सगळ्यांत खाली, ‘वेळ उरल्यास किल्ला’.

आजच्या बोलण्यात मी हा कागद उलटा धरणार आहे. किल्ला वर आणि बाकीचे सगळे वेळ उरल्यास. यात इतिहासवाल्याचा हट्ट थोडा आहे, हे कबूल. पण समुद्रकिनारे कोकणात पावलोपावली आहेत. मराठ्यांच्या आरमाराचे काय झाले, हे एकाच जागी उभे राहून समजावे अशा जागा मात्र फार थोड्या आहेत, आणि हर्णे त्यांपैकी एक आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या पॅरिसमधील बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना एकत्रितपणे मान्यता मिळाली. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्यात समुद्राशी नाते सांगणारे चार आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गाला मालवणची बाजारपेठ आणि सहलींची गर्दी लाभली. विजयदुर्गाला जमिनीवरून चालत जाता येते. सुवर्णदुर्गाच्या वाट्याला बहुधा किनाऱ्यावरून काढलेले एक छायाचित्र येते, मागे सूर्य मावळताना. छायाचित्र छानच येते, पण त्यात किल्ल्याचा चौथा हिस्साच असतो. कारण हर्णेला किल्ला एक नाही. किल्ले चार आहेत.

दापोलीहून सुमारे १५ किलोमीटर उतरत आले की हर्णे लागते. बोलताना आपण हर्णै म्हणतो, लिहिताना हर्णे. किनाऱ्याला लागून गोवा किल्ला, बंदराशी समुद्रात घुसलेल्या खडकावर कनकदुर्ग, त्याच्या शेजारी फत्तेगड आणि समोर पाण्यात, किनाऱ्यापासून साधारण पाव मैलावर सुवर्णदुर्ग. तीन जमिनीवरचे, एक बेटावरचा. या चौघांचे एकमेकांशी काय नाते आहे, एवढे ध्यानात आले की हर्णेची सहल निम्मी झाली.

आता जायचे कधी? पावसाळ्यात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि खवळलेल्या दर्यात पाहुण्यांना किल्ल्यावर नेण्याचे धाडस कोणी शहाणा नाखवा करत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण महिना ठरला म्हणजे सगळे ठरले असे नव्हे. शहरातला माणूस रजा पाहून तारीख ठरवतो, कोकणातला माणूस तिथी पाहून. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अगदी सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळाशी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढे पुरते.

माझे सांगणे असे की अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा. अष्टमीची भरती ही भांगाची भरती, पाण्याचा चढउतार कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. त्या दिवशी होडीत चढउतर करताना घरच्या मोठ्या माणसांचे हाल होतात. शिवाय अष्टमीच्या दिवशी सकाळी आठ-नऊला निघालात तर पाणी ओसरत असते आणि किल्ल्याभोवतीचे खडक हळूहळू डोके वर काढू लागतात. ते पाहायला हवेत. का, ते पुढे येईलच.

शनिवारी दुपारपर्यंत हर्णेला पोहोचा. रेल्वेने येणाऱ्यांना खेड स्थानक आणि तिथून दापोलीमार्गे रस्ता. जेवण, थोडी विश्रांती आणि साडेतीनच्या सुमारास बाहेर पडा. पहिल्याच दिवशी होडी करू नका. आधी जमिनीवरचे तीन.

गोवा किल्ला रस्त्याच्या कडेलाच आहे, त्यामुळे लोक गाडीतूनच तो पाहिला असे समजतात. उतरा. त्याचा तट, त्याचे बुरूज नीट पाहा. या नावाचा गोव्याशी संबंध काय, असा प्रश्न सोबतची मुले हमखास विचारतात. नावाच्या व्युत्पत्तीत शिरण्यापेक्षा मी त्यांना तटाच्या जाडीकडे बघायला सांगतो. किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांत हा सर्वांत दणकट.

तिथून बंदराकडे चला. कनकदुर्गाचा तट फारसा उरलेला नाही, पण जागा अशी की तिन्ही बाजूंना पाणी. वर दीपगृह आहे. फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती आहे. तिथे किल्ला पाहायला जाणे म्हणजे कोणाच्या तरी अंगणातून जाणे, एवढे भान ठेवावे. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. किल्ला पडला, पण किल्ल्यावर माणसे राहती राहिली. मला तरी ही गोष्ट ओसाड तटांपेक्षा बरी वाटते.

कनकदुर्गावरून आता समोर पाहा. सुवर्णदुर्ग दिसतो आणि तुमच्या-त्याच्या मध्ये पाण्याचा एक पट्टा दिसतो. सगळी गंमत त्या पट्ट्यात आहे. बेटावरच्या तोफा आणि किनाऱ्यावरच्या तोफा, दोन्हींचा मारा त्या पाण्यावर पडतो. आत शिरलेले शत्रूचे जहाज दोन्हीकडून भाजून निघते आणि आपली गलबते तिथे निर्धास्त नांगर टाकून बसतात. चार किल्ले मिळून एक बंदर राखायचे, असा हा बेत. पण या बेताची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. किनारा शत्रूच्या हाती गेला तर बेट एकटे पडते. रसद येणार ती समोरूनच, आणि समोर शत्रू.

गेल्या वर्षी कामानिमित्त उत्तर आफ्रिकेत अल्जीयर्सला निघालेल्या एका आप्ताने मला विचारले होते की, दोन दिवसांत त्या जुन्या शहरात काय पाहू? मी तिकडे कधी गेलेलो नाही. पण पुस्तके आणि नकाशे घेऊन बसलो आणि पहिल्याच नकाशात मला हर्णे दिसले. अल्जीयर्सच्या बंदरासमोर एक खडकाळ बेट होते. स्पॅनिश लोकांनी १५१० मध्ये त्यावर किल्ला बांधला आणि बेटावरून शहराच्या नाकावर तोफा रोखल्या. १५२९ मध्ये खैरुद्दीन बार्बारोसाने तो किल्ला जिंकला. जिंकल्यावर त्याने केले काय? किल्ल्याचे दगड आणि भराव टाकून बेट किनाऱ्याला जोडून टाकले. बेट आणि किनारा वेगळे राहिले की दोघेही अडचणीत, हे तो पुरते ओळखून होता. अल्जीयर्सचे अरबी नाव अल-जझाइर, म्हणजे ‘बेटे’. ती बेटे आता शोधावी लागतात. मी आप्ताला सांगितले, आधी बंदरावर जा, तिथून वर चढत जाणारा कसबा पाहा आणि मग आत शीर. १९९२ पासून तो कसबाही जागतिक वारशाच्या यादीत आहे.

साम्य इथेच संपत नाही. अल्जीयर्सच्या दर्यावर्दींना युरोपीय ‘चाचे’ म्हणत आणि आंग्र्यांनाही ते ‘चाचे’च म्हणत. दोघेही आपल्या पाण्यातून जाणाऱ्या परक्या जहाजांकडून पैसा मागत. अल्जीयर्सला युरोपातली राज्ये नियमित पैसा पोहोचवत होती आणि १७९५ च्या तहाने नव्या अमेरिकेनेही तो देण्याचे मान्य केले. आंग्रे दस्तक देत. दस्तक घ्या, निर्धास्त जा. नाही घेतलेत तर जहाज जप्त. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर हाच परवान्याचा कारभार सुमारे दोनशे वर्षे आधी सुरू केला होता. तेव्हा त्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. मात्र हे साम्य फार ताणू नये. अल्जीयर्सचा मोठा व्यवहार माणसे पकडून गुलाम करण्याचा आणि खंडणी घेऊन सोडण्याचा होता. ‘दोन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे तिथे कैदेत होता. आंग्र्यांच्या कारभाराचे रूप तसे नव्हते.

एवढे बोलून होईपर्यंत किनाऱ्यावर गलका सुरू झालेला असतो. मासळीचा लिलाव. खाली उतरा, जरूर पाहा. पाण्यात थांबलेल्या होड्यांवरून मासळी किनाऱ्यावर आणणाऱ्या बैलगाड्या ही हर्णेची ओळखच होऊन बसली आहे. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, त्याभोवती माणसांचे कोंडाळे आणि चढत जाणारे आकडे. याला मी इतिहासाच्या बाहेरचे समजत नाही. आंग्र्यांच्या गुराबांवर आणि गलबतांवर वल्ही मारणारी, शिडे सांभाळणारी माणसे याच किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी जातींतली होती.

रात्री मुक्कामाला परतलात की मुलांना थोडी पूर्वपीठिका सांगून ठेवा, म्हणजे सकाळी होडीत बोलावे लागत नाही. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकूही येत नाही.

सुवर्णदुर्ग मूळचा आदिलशाहीतला. १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेऊन बळकट केला. पुढे संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत जंजिऱ्याच्या सिद्दीने त्याला वेढा घातला आणि किल्लेदार फितूर होऊन किल्ला देण्याच्या बेतात असताना एका तरुणाने तो बेत हाणून पाडला, अशी कथा सांगतात. तो तरुण म्हणजे कान्होजी आंग्रे. कथेतला तपशील थोडा इकडेतिकडे असेल, पण कान्होजींची वाढ या किल्ल्याच्या सावलीत झाली आणि त्यांचे नाव प्रथम गाजले ते इथे, याबद्दल सहसा दुमत नाही. बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले, तेव्हा जे किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले त्यांत सुवर्णदुर्ग होता. १७२९ मध्ये कान्होजी वारले. मुलांत भाऊबंदकी लागली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे, आणि संभाजीच्या मागून तुळाजी. तुळाजी पराक्रमी होता आणि कोणाचे ऐकणारा नव्हता. इंग्रजांना तो नकोसा होता आणि नानासाहेब पेशव्यांनाही.

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला. तुळाजीचे किल्ले दोघांनी मिळून घ्यायचे, पाण्यावर इंग्रजांनी लढायचे, जमिनीवर पेशव्यांच्या फौजेने. हर्णेचे किल्ले पेशव्यांना, बाणकोट इंग्रजांना. मग मुंबईहून कमोडोर विल्यम जेम्स निघाला. त्याच्या ‘प्रोटेक्टर’ जहाजावर ४४ तोफा होत्या.

आता रविवारी सकाळी होडीत बसा. समुद्र शांत असेल तर नाखव्याला विनंती करा, की आधी किल्ल्याला वळसा घाला, मग उतरवा. थोडे जास्त पैसे पडतील, पडू द्या. कारण जेम्स ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने तुम्हाला किल्ला पाहायचा आहे.

पहिल्यांदा पश्चिमेची, मोकळ्या समुद्राकडची बाजू. तिथे होडीतूनच तट नीट पाहा. काही ठिकाणी मूळ कातळच तासून तट केला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे बसवले आहेत. २ एप्रिल १७५५ रोजी जेम्सने मारा सुरू केला तो या बाजूने. कातळावर गोळे आपटून काय होणार? किल्ल्यातून पळून आलेल्या एकाने त्याला सांगितले की या बाजूने खिंडार पडणे अशक्य आहे. दुसऱ्या दिवशी जेम्स वळसा घालून पूर्वेला, किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरला. कालपासून आपण ज्याकडे पाहतो आहोत तोच हा पट्टा. इथे पाणी उथळ, खाली खडक, म्हणून आधी खोली मोजून घेतली. एवढे मोठे जहाज तिथे मावेल यावर किल्ल्यातल्यांचा विश्वास नसावा. तुमची होडी ओसरत्या पाण्यात त्याच पट्ट्यातून परत फिरेल, तेव्हा उघडे पडलेले खडक पाहा. जेम्सने किती जोखीम घेतली ते पुस्तकात वाचून कळत नाही, ते खडक पाहून कळते. वरिष्ठांचा त्याला हुकूम होता तो फक्त नाकेबंदीचा, किल्ल्यावर चालून जाण्याचा नव्हे.

किल्ल्यात गोळा पडला, शाकारलेल्या छपरांनी पेट घेतला, आग दारूकोठारापर्यंत पोहोचली आणि स्फोट झाला. बरीचशी माणसे किल्ला सोडून निघाली. किल्लेदार आधी गोवा किल्ल्यात होता. तिथून तो निवडक माणसे घेऊन रातोरात पुन्हा सुवर्णदुर्गावर आला, मदत येईपर्यंत तग धरायचा म्हणून. दाभोळहून मदत येण्याची त्याला आशा होती. ती येण्याआधीच इंग्रज खलाशांनी उतरून दरवाजा कुऱ्हाडींनी फोडला. थोड्याच दिवसांत चारही किल्ले पडले.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा तपशील बहुतांशी इंग्रजी बाजूचा, कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने लिहून ठेवलेला. त्याच्या सांगण्यात इंग्रज नेहमी शूर आणि पेशव्यांचे लोक नेहमी लांब उभे. ते तसेच्या तसे घेऊ नये. पण त्यानेच लिहिलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. लढाईच्या आधी इंग्रज जहाजे तुळाजीच्या आरमाराच्या मागे लागली, तेव्हा आंग्र्यांच्या खलाशांनी वेग वाढवण्यासाठी जहाजांवरचे ओझे समुद्रात टाकले आणि वारा पकडायला अंगावरची वस्त्रे आणि पागोटी शिडांसारखी पसरली. शत्रूने लिहिलेल्या हकिकतीतही ती माणसे दिसतात ती अशी.

होडी किल्ल्याला लागली की उतरताना पाय भिजवायची तयारी ठेवा. जमिनीच्या बाजूचा दरवाजा बुरुजांच्या आड आहे, जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. दरवाज्यातल्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि आतल्या अंगाला भिंतीवर मारुती. मुले कासवावर पाय ठेवायला कचरतात, ते मला आवडते. आत झाडोरा माजलेला असतो. पडके चौथरे, विहिरी-तळी, तटावर जायचे जिने आणि समुद्राकडचा चोरदरवाजा. किल्ला फार मोठा नाही, दीड-दोन तास पुरतात. पिण्याचे पाणी बरोबर न्या, डोक्याला टोपी-उपरणे घ्या. बाटल्या आणि पिशव्या परत आणा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दगडावर नाव कोरणे हा गुन्हा आहे, आणि कोरणाऱ्याचे नाव वाचण्यात कोणाला रसही नसतो.

तटावर सावली पाहून थोडे बसा. तिथे बसून दोन तारखा जोडायच्या आहेत.

पहिली, अर्थातच, एप्रिल १७५५. हर्णे पेशव्यांना मिळाले. बाणकोट इंग्रजांना मिळाले, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या मुख्य भूमीवरची इंग्रजांची पहिली मालकी ती, असे मानले जाते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तिथे लागलेल्या आगीत आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तेच वॉटसन आणि क्लाईव्ह बंगालमध्ये होते आणि प्लासी घडली होती.

दुसरी तारीख १८०२ ची. २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून निघाला, महाडकडे उतरला आणि तिथून सुवर्णदुर्गावर आला. होळकरांचे लोक मागावर. डिसेंबरच्या सुरुवातीला पेशवा इथून समुद्रमार्गे वसईला गेला, इंग्रजांच्या जहाजातून. ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर शिक्का पडला. हा बाजीराव म्हणजे नानासाहेबांचा सख्खा पुतण्या. चुलत्याने ज्या पाण्यात इंग्रज जहाज बोलावून घेतले होते, त्याच पाण्यातून सत्तेचाळीस वर्षांनी पुतण्या इंग्रज जहाजावर चढला. पेशव्याला स्वतःच्या किनाऱ्यावरून वसईला जायला दुसऱ्याचे जहाज लागावे, यात सगळे आले.

नानासाहेबांनी स्वतःच्या हाताने मराठ्यांचे आरमार बुडवले, असा आरोप इतिहासाच्या पुस्तकांतून होत आला आहे. माझे मत विचाराल तर आरोप खरा आहे, पण तो करणे आपल्याला फार सोपे जाते. १७५५ साली मुंबईचे इंग्रज म्हणजे एक वखारवाली कंपनी होती. हुकूम न मानणारा सरदार हा त्या वेळी कोणत्याही राज्यकर्त्याला जवळचा धोका वाटला असता. चूक तुळाजीला वठणीवर आणण्यात नव्हती. चूक पुढे झाली. किल्ले हाती आले, पण त्या किल्ल्यांच्या आधाराने समुद्रावर जरब बसवणारे आंग्र्यांसारखे आरमार पेशव्यांना पुन्हा उभे करता आले नाही. आरमार होते, पण त्याचा धाक उरला नाही. चार किल्ले एक बंदर राखतात, हे आपण शनिवारी पाहिले. ज्या बंदरात लढाऊ गलबतेच नाहीत, ते राखून करायचे काय?

जेम्सचे पुढे काय झाले, हेही मुले विचारतात. तो विलायतेला परतला, श्रीमंत झाला, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. १७८३ मध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तीन कोनी मनोरा बांधला. सुमारे ६३ फूट उंच. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सेव्हर्नड्रूग म्हणजे इंग्रजांच्या जिभेवरचा सुवर्णदुर्ग. मधल्या काळात तोही दुर्लक्षित पडला होता. लोकांनी पैसा उभा करून त्याची डागडुजी केली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा पाहण्यासाठी खुला झाला. आपली मुले-नातवंडे लंडनला असतात, त्यांना सांगून ठेवा. तिथले लोक चहा पिऊन मनोऱ्यावरून लंडन पाहतात, पण ते नाव कुठल्या गावाचे, हे त्यांना एखाद्या हर्णेकराने सांगायला हवे.

किल्ल्यावरून साडेअकरापर्यंत परत फिरा. त्यानंतर ओहोटी पुरी होते आणि नाखवा घाई करू लागतो. त्याचे ऐका. दुपारी निघायचे असेल तर कागदावरच्या बाकीच्या ठिकाणांपैकी एकच निवडा, आंजर्ले. खाडीवरच्या पुलावरून गाडी जाते. कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घ्या आणि देवळाच्या बाहेर येऊन दक्षिणेकडे पाहा. तिथून सुवर्णदुर्ग, हर्णेचे बंदर आणि मधले पाणी वरून एका नजरेत दिसते. जुन्या काळी मुंबईहून येणारी कोकण बोट याच दिशेने यायची आणि हर्णेला थांबायची. पडावातून किनाऱ्याला लागणाऱ्या चाकरमान्यांना किल्ला आधी दिसे, गाव मागाहून.

मुरुड, कर्दे, केशवराज आणि लेणी पुढच्या खेपेला ठेवा. आंजर्ल्यात घरगुती जेवण चांगले मिळते, मात्र किती पाने लागतील ते सकाळी होडीत बसण्यापूर्वीच फोन करून कळवावे लागते.